मधली पिसं

परवा फोनवर धाकटीने मला थँक्यू म्हटलं. "आजी, तू आमच्यासाठी ती बेस्ट पिसं चोरून ठेवली होतीस ना? बाबाने सांगितलं. सो स्वीट!" मागे थोरला हसत होता. तुमचा बाबाही हसत होता. मी "जेवलात का?" विचारलं आणि विषय बदलला.

फोन ठेवल्यावर निवडायला घेतलेली भाजी तशीच राहिली. म्हणजे ही गोष्ट आता समुद्र ओलांडून तुमच्यापर्यंत पोचली. उद्या तुम्ही ती शाळेत 'माय ग्रँडमदर' म्हणून लिहाल आणि तुमच्या बाई खाली एक हसरा चेहरा काढतील. बाळांनो, मी पिसं चोरली नव्हती. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही.

हे मी इंग्रजीत लिहू शकले असते. उभा जन्म इंग्रजी शिकवलं मी. तुमच्या बाबाच्या मेलमधली स्पेलिंगं अजून मनातल्या मनात दुरुस्त करते. पण मराठीत लिहिलं, तर ते तुम्हाला वाचता येणार नाही, त्यालाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. मी तोंडी सांगायला गेले की तो "आई, चिल" म्हणतो. वाचताना मध्ये बोलता येत नाही.

तर नीट, सुरुवातीपासून.

तुमच्या आजोबांना कंपनीने तरुणपणी स्कॉटलंडला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे ज्यांच्या घरी ते राहत, ते गृहस्थ सुट्टीच्या दिवशी नदीवर मासे पकडायला जात आणि यांनाही नेत. तिथली रीत आपल्यासारखी नाही. गळाला कोलंबी किंवा कणीक लावायची नाही. हूकवर रेशमी दोऱ्याने पिसं गुंडाळून खोटा किडा बनवायचा, नाहीतर खोटा बारका मासा. तो पाण्यावर असा नाचवायचा की खरा मासा फसून तोंड घालतो. इंग्रजीत त्याला फ्लाय म्हणतात. आमच्या घरात आम्ही सरळ माशी म्हणायचो. येताना आजोबांनी एक काठी आणली आणि हूक घट्ट धरून ठेवणारा एक छोटा लोखंडी शिकंजा. दोन्ही गोष्टी नोकरीभर माळ्यावर पडून होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी त्या खाली काढल्या. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले की मला विचारत, "काय वहिनी, रिटायर झाल्यावर लोक माशा मारतात, तुमचे हे म्हणे बांधतात?"

माशी बांधायला कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात. कोंबडीची नाही, कोंबड्याचीच. आमच्याकडे मासे चालत, पण कोंबडी शिजत नसे. त्यामुळे पनवेलच्या बाजारातल्या चिकनच्या दुकानाची पायरी आजोबा त्या वयात पहिल्यांदा चढले. ते काय झालं हे ते फार रंगवून सांगत, आणि ही गोष्ट मात्र खरी आहे, कारण दुसरा साक्षीदार आहे.

आजोबा दुकानदाराला म्हणाले, "मानेची पिसं आहेत का?"

तो म्हणाला, "मान का पीस? नेक कोई नहीं लेता साहेब. लेग पीस देतो. कितने पीस?"

"लेग नको. मानेचंच. जेवढी असतील तेवढी पिसं दे."

"सूप बनवायचंय का अंकल? मग थोडा ब्रेस्ट पण घ्या."

मागे उभा असलेला एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस मोठ्याने हसला. "अरे, इनको पीस नहीं, पर चाहिए! पर!"

दुकानदार म्हणाला, "पर क्या?"

तो माणूसही पिसंच न्यायला आला होता. तो मूळचा पनवेलचाच, कोकणी मुसलमान. उमेदीची सगळी वर्षं आखातात तेल कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढून नुकताच परत आला होता. तिथल्या गोऱ्या सुपरवायझरने शुक्रवारच्या सुट्टीत समुद्रावर त्याला हीच विद्या शिकवली होती. अख्ख्या पनवेलात माशा बांधणारे दोघेच, आणि दोघे एकाच कोंबड्याच्या मानेसाठी एका काउंटरवर उभे. त्या दिवशी आजोबा त्याला घेऊनच घरी आले. ते त्याला गमतीने शेठ म्हणू लागले, तो त्यांना साहेब म्हणे. मी त्याला भाई म्हणायची आणि तो मला भाभी.

तुमचे आजोबा तुमच्याशी कसे होते ते तुम्ही पाहिलंत. मोठ्या माणसांशी ते तसे नव्हते. कंपनीत त्यांचा दरारा होता, आणि रिटायर झाल्यावर दरारा असलेल्या माणसाकडे कुणी येत नाही. शेठ हा त्यांचा एकुलता एक मित्र. दर रविवारी सकाळी दोघे स्कूटरवरून निघत; कधी आपट्याला पाताळगंगेवर, कधी गव्हाणच्या बाजूला खाडीवर. तिथले कोळी-आगरी लोक या दोघांची भरपूर टिंगल करत. "काका, जिताऱ्याला कोलंबी लागते, कोंबरी नाय!" असं एकाने ओरडून सांगितलेलं शेठ मला चहा पिताना करून दाखवायचा आणि आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मी त्यांना इतकं हसताना लग्नाच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मला बरं वाटायचं. थोडं वाईटही वाटायचं.

भांडण व्हायचं ते पिसांवरून. भांडण म्हणजे आवाज नाही. कागद पसरायचा, त्यावर पिसं ओतायची आणि मग "आधी तुम्ही घ्या", "नाही साहेब, तुम्ही घ्या" असं चालायचं. शेवटी कुणीतरी एक चांगलं पीस उचललं की दुसरा गप्प व्हायचा आणि चहा अर्धा टाकून उठायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर शेठच म्हणाला, "भाभी वाटतील. त्यांना मासे पकडायचे नाहीत, त्यांना काय पडलंय." मी मान्य केलं आणि त्याच दिवशी एक नियम घातला: वाटणी मी करणार, म्हणून त्यातलं एकही पीस माझं नाही. घर झाडायला, फुलदाणीत ठेवायला, कशालाच नाही.

वाटणी सोपी नसते. मी पुस्तक मागवून वाचलं, आणि मग हाताने शिकले. पीस मधून वाकवायचं. त्याचे तंतू फणीच्या दातांसारखे वेगवेगळे ताठ उभे राहिले तर ते पाण्यावर तरंगणाऱ्या माशीचं. आडवे पडले तर मऊ, ते बुडणाऱ्या माशीचं. उजेडाकडे धरून चमक पाहायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोड्या. मानेच्या डाव्या अंगाचं पीस एका बाजूला वळलेलं असतं, उजव्या अंगाचं दुसऱ्या. जिताड्यासाठी, म्हणजे खाडीतल्या त्या मोठ्या माशासाठी, लांब माशी बांधायची तर एक डावं आणि एक उजवं असं सारख्या लांबीचं लागतं, नाहीतर ती पाण्यात गरगर फिरते. म्हणून वाटा करताना जोडी फोडून चालत नाही. मी जोड्या लावायची, दोन वाटे मांडायची, आणि मग ते दोघे आलटून पालटून आधी निवडायचे. शेठ दोन्ही वाटे निरखून पाहायचा आणि म्हणायचा, "फरकच नाही! भाभी, तुमचा तराजू सोनाराचा आहे." शाळेत मला कुणी इतक्या मनापासून काही म्हटल्याचं आठवत नाही. मी रविवारची वाट पाहू लागले होते.

गव्हाणच्या एका घरी एक कोंबडा होता. त्या लोकांची पूर्वी मिठागरं होती. मग जमीन प्रकल्पात गेली आणि आता त्यांचं दोन मजली नवं घर उभं राहत होतं. कोंबडा पांढरा, त्यावर काळे आडवे पट्टे, आणि मानेवरच्या पिसांच्या कडेला मधासारखी झाक. शेठने तो वर्षभर हेरून ठेवला होता. त्या घरच्या बाईकडे तो पुन्हा पुन्हा जाऊन आला. बाई त्याला म्हणाली, "भाऊ, कोंबरा गावदेवीचा हाय, घर झाला की द्यायचा हाय. खायाला आमी, पिसां तुमाला. पन डोसक्यात खोवून नाचायचा नाय हां!" शेठने तिला शिकवलं की मान गरम पाण्यात बुडवायची नाही, पिसं चिकटून खराब होतात, मानेचं कातडं कोरडंच सोलायचं आणि आतून मीठ चोळायचं. तिने मिठागरावरचं जाडं मीठ चोळून ते तसंच दिलं.

शेठ ते वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आला, पण बसला नाही. त्याच्या घरी मुलीच्या निकाहची गडबड होती. पुडकं सोडून त्याने एकदा दाखवलं. मानेच्या मधोमध, पाठीच्या रेषेवर, सगळ्यात लांब आणि सगळ्यात पट्टेदार पिसं होती. त्यांच्यावरून त्याने एका बोटाने, न दाबता, हात फिरवला. "पुढच्या रविवारी वाटू. भाभी, अमानत आहे, तुमच्या ताब्यात देतो," तो म्हणाला. मी पुडकं बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा बाल्कनीतल्या कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप नव्हतं. आपल्या घरात आपण कुलूप लावत नाही.

पुढच्या रविवारी वाटणीच्या आधी मी डबा उघडला तर मधला पट्टा उघडा. नुसतं पिवळट कातडं.

मी तुमच्या आजोबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "सोलताना ओढली गेली असतील. त्यांना काय कळतंय."

"अहो, पण आणलं तेव्हा होती की. त्यांनी हात फिरवला नव्हता का?"

"तेव्हा सुटलेलीच असतील, वर नुसती अडकली असतील. तू डबा हलवलास, पडली. मग बाल्कनीत वारा." ते पुन्हा पेपर वाचायला लागले.

मी बाल्कनी शोधली, कुंड्यांच्या मागे पाहिलं, खाली जाऊन झाडलोट करणाऱ्या बाईला विचारलं. मग शेठ आला तेव्हा मीच त्याला सांगितलं की मधली पिसं सोलताना सुटली असावीत आणि वाऱ्याने गेली. तो उघड्या कातड्याकडे बघत राहिला. "अफसोस. जान तर त्यातच होती," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार." उरलेल्याचे मी दोन वाटे केले. इतकी काळजीपूर्वक वाटणी मी कधी केली नव्हती.

ते दिवाळीच्या आधीचं. दिवाळी झाल्यावर एका रविवारी दोघे खाडीवरून दुपारच्या आत परत आले. आजोबांच्या हातात ओल्या गोणपाटात जिताडा. मोठा, रुपेरी, अजून कल्ले हलवणारा. आजोबा बेसिनपाशी हात धुवायला गेले आणि तिथूनच, पाठमोरे, मासा कसा ओढत होता ते सांगत राहिले.  शेठ टेबलापाशी आला, खिशातून रुमाल काढला, त्यातून एक माशी काढली आणि माझ्यासमोर कागदावर ठेवली. माशाच्या तोंडातून हूक सोडवून त्याने ती तशीच आणली होती.

"भाभी, हे पर ओळखता?"

पांढऱ्यावर काळे पट्टे, कडेला मधाची झाक. भिजून चिकटली होती तरी. एक डावं, एक उजवं, सारख्या लांबीचं.

"अहो," मी बेसिनकडे पाहून म्हटलं, "ही मधली पिसं आहेत."

"असतील."

"ती वाऱ्याने गेली म्हणालात ना?"

आजोबांनी नळ बंद केला. टॉवेलने एकेक बोट पुसलं. मग वळून हसले. "अगं, सांगून टाक ना आता. शेठ काय परका आहे?"

"काय सांगू?"

"शेठ, हिने नातवंडांसाठी काढून ठेवली होती. तिकडे त्यांच्या शाळेत क्राफ्ट असतं ना, त्यासाठी. तांदळाच्या डब्यात लपवली होती! मला सापडली, म्हणून त्यातली एक जोडी मी उचलली. बोलू नको म्हणाली म्हणून बोललो नाही. म्हातारपणी आज्या चोर होतात हो."

"मी? कुठल्या डब्यात?"

"बघा, अजून नाहीच म्हणते."

 मी शेठकडे वळले. "भाई, मी काढली नाहीत. तुम्हाला माझा नियम ठाऊक आहे. मी एकही काढलं नाही."

शेठने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आता हा बोलेल. तो हसला. फार गोड हसला.

"बच्चांसाठी ना, भाभी? मग त्यात काय. हक आहे त्यांचा. फक्त मला सांगायचं होतंत, मी सगळीच दिली असती."

"पण मी…"

"अरे छोडो भाभी. माफ केलं. विसरलो पण."

माझ्याच घरात, माझ्याच टेबलापाशी, मी न केलेल्या गोष्टीची मला माफी मिळाली. ती परत करण्याची सोय नसते. नाही म्हणावं तर आपण आणखी खोट्या दिसतो. आजोबांनी शेठच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चला, जिताड्याचे दोन वाटे कर. मोठा शेठला दे." मी मासा साफ केला, तुकड्या केल्या. दोन सारखे वाटे ताटलीत मांडले. शेठने निवडला नाही. जो जवळ होता तो डब्यात भरून घेऊन गेला.

तो गेल्यावर मी तुमच्या आजोबांना विचारलं, "हे काय केलंत?" ते म्हणाले, "एवढं काय त्यात? त्याने माफ केलं ना?" आणि आंघोळीला गेले.

त्यानंतर ती गोष्ट त्यांनी सांभाळली नाही, वाढवली. आधी तांदळाचा डबा होता. मग लग्नाकार्यात सांगताना पिसं माझ्या पैठणीच्या घडीत सापडू लागली. मग देव्हाऱ्याच्या मागे. ऐकणाऱ्या बायका माझ्या गालाला हात लावून म्हणायच्या, "आजीची माया!" फोनवर त्यांनी ती तुमच्या बाबाला सांगितली. मी तेव्हाच त्याला म्हटलं होतं की असं काही झालेलं नाही. तो म्हणाला, "आई, किती क्यूट गोष्ट आहे, तू कशाला बिघडवतेस?" पुढच्या खेपेला येताना त्याने विचारलं, "ती पिसं मुलांसाठी नेऊ ना?" माझ्याकडे नव्हती. आजोबांच्या दाढीच्या सामानाच्या जुन्या डब्यात होती. ती त्यांनी बाबाला दिली नाहीत. काही पिसांच्या माशा बांधून तयार होत्या, त्यातल्या थोड्या दिल्या. आता तुमच्या भिंतीवर चौकटीत आहेत त्याच.

शेठ दर रविवारी येतच राहिला. वाटणी मीच करायची असा त्याचा आग्रह होता. पण सोनाराचा तराजू त्याने पुन्हा काढला नाही. आणि दर खेपेला तो एक वेगळी छोटी पुडी आणायचा. वाटणी झाली की ती टेबलाच्या कडेला ठेवायचा. "ही बच्चांसाठी, भाभी. हिशेबाच्या बाहेर." मी म्हणायची, "नको, खरंच नको, न्या परत." तो ती फ्रिजवर ठेवून जिना उतरायचा. तो खाली पोचायच्या आत तुमचे आजोबा पुडी उघडत. तुमच्या नावाने आलेल्या त्या पिसांच्या माशा बांधून ते पुढच्या रविवारी शेठच्याच शेजारी उभे राहून पाण्यात टाकत. शेठला ते दिसत नसेल का, असं माझ्या मनात यायचं. मग मी स्वतःला सांगायची, ओल्या पिसाचा काय रंग कळतो.

ईदला त्याच्या घरी गेलो तर मला बाजी, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या त्याच्या बायकोने शीरखुर्म्याची वाटी हातात देताना माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "बाजी, नातवंडांसाठी मीही हेच केलं असतं. मनाला लावून घेऊ नका." म्हणजे तिथेही पोचलं होतं. ती बाई मनाने फार चांगली. तिचा चांगुलपणा मला त्या शीरखुर्म्याबरोबर गिळावा लागला. तिथे, त्यांच्या सणाच्या दिवशी, पाहुण्यांमध्ये मी काय बोलणार होते? "माझा नवरा चोर आहे" असं?

शेवटच्या दोन-तीन वर्षांत आजोबांचे हात कापू लागले. दोरा हूकवर बसेना. तेव्हा शेठ रोज यायचा. हे मी कबूल करते, रोज यायचा. शिकंजा स्वतःपुढे ओढून माशा बांधायचा आणि आजोबा बाजूला बसून सांगायचे, "घट्ट. अजून एक वेढा." मी दोघांना चहा द्यायची. खाडीवर जाणं बंद झालं तरी ते दोघे कुठल्या वाकणावर कुठला मासा असायचा यावर तासभर वाद घालायचे. त्या खोलीत मला जागा नव्हती असं नाही. मी आत जाऊन बसले की शेठ उठून मला खुर्ची द्यायचा. मी गेल्यावर त्यांचं बोलणं थांबायचं, एवढंच.

गेल्या वर्षी आजोबा गेले. तुम्हाला परीक्षेमुळे येता आलं नाही. तुमचा बाबा आला आणि दिवस झाल्यावर परत गेला. त्यानंतर एका दुपारी शेठ आला. एकटाच. काठी टेकत जिना चढून आला होता, धाप लागली होती. मी पाणी दिलं, मग चहा. तो नेहमीच्या खुर्चीत बसला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे त्याने पाहिलं नाही. थोड्या वेळाने सदऱ्याच्या खिशातून एक पुडी काढून त्याने टेबलाच्या कडेला ठेवली.

"बच्चांसाठी," तो म्हणाला.

इतकी वर्षं मी ते वाक्य ऐकलं होतं. त्या दिवशी मला ते ऐकवलं नाही.

"भाई, आता ते नाहीत," मी म्हटलं. "आता तरी ऐका. गव्हाणच्या कोंबड्याची ती मधली पिसं मी काढली नव्हती. ती यांनी काढली. मुलांचं नाव त्यांनी तिथल्या तिथे रचलं. मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगते."

त्याने कप बशीत ठेवला आणि बशीत गोल फिरवला.

"मालूम आहे, भाभी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय मालूम आहे?"

"साहेबांनी काढली."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. खाडीवरच. जिताड्याच्या तोंडातून हूक काढला तेव्हा साहेबांचा माशा ठेवायचा डबा माझ्या हातात होता. त्यात तशाच आणखी माशा होत्या, बांधून तयार. नातवंडांना पाठवायच्या पिसांच्या माशा कुणी बांधतं का?"

"मग तुम्ही मला माफ कशाला केलंत?"

त्याने कपबशी बाजूला सरकवली. 

"भाभी, मी घरी येईपर्यंत ठरवलं होतं की विचारायचं. म्हणून तर ती तुमच्यासमोर ठेवली. पण साहेबांनी तुमच्यावर ढकललं ना, तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला मी. घाबरला होता माणूस. तोंडावर चोर म्हटलं असतं तर त्यांनी मला पुन्हा घरात घेतलं नसतं. मग पुढच्या रविवारी मी कुणाबरोबर गेलो असतो? त्यांना तरी कोण होतं?" मग अगदी हळू आवाजात, जणू मला समजावत असल्यासारखा, तो म्हणाला, "तुमच्यावर ठेवलं तर काही मोडत नव्हतं. तुम्ही तर घरातच होता. तुम्ही कुठे जाणार होता?"

 इतकी वर्षं मला वाटत होतं की एका माणसाने मला चोर ठरवलं आणि दुसरा फसला. दुसरा फसला नव्हता. दोघांनी आपली मैत्री राखली, आणि तिचं मोल माझ्याकडून घेतलं. मला कुणी विचारलंही नाही.

"आणि दर रविवारची ही पुडी?" मी विचारलं.

"ती तुमच्यासाठीच होती. दंड समजा माझा."

"तो दंड तुमच्या मित्राने पाण्यात घातला."

"तेही दिसायचं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मग आता एक करा. घरी जाऊन तुमच्या बायकोला खरं सांगा. तुमच्या मुलीला सांगा. माझ्या मुलाला मी फोन लावून देते, त्याला सांगा. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

शेठने नाही म्हणून मान हलवली. त्याला खरंच दुःख झालं होतं, ते मला दिसत होतं. "आता कसं सांगू, भाभी? साहेब जिवंत असते तर वेगळं होतं."

"ते जिवंत असताना तर तुम्ही सांगितलं नाहीत."

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत. गुनाह आहे." तो काठीवर जोर देऊन उठला. पुडी तिथेच राहिली होती. मी ती उचलून त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. त्याने ती घालू दिली.

दारात त्याने चपला घातल्या. मी मागे उभी होते.

"भाई," मी म्हटलं, "मी अजून जिवंत आहे."

त्याने वळून पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "अल्लाह तुम्हाला लंबी उम्र देवो," तो म्हणाला, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागला.